जीडीपी, वीज आणि कार्बन: नातं स्वतः मोजून बघण्याची रीत

दरवर्षी जानेवारी संपता संपता टीवायच्या प्रोजेक्टांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो आणि त्यात चार-पाच तरी प्रोजेक्ट 'ऊर्जा आणि आर्थिक विकास' या विषयावर असतात. बहुतेकांत एकच आलेख. खाली वर्षं, त्यावर चढत जाणाऱ्या दोन रेषा, एक जीडीपीची आणि एक विजेची, आणि शेवटी निष्कर्ष: 'ऊर्जा वाढली म्हणून विकास झाला.' आकडे खरे असतात, मुलांनी मेहनतही घेतलेली असते, पण निष्कर्ष त्या आलेखातून निघत नाही. त्याच तीस वर्षांत ठाण्यातल्या दुचाकीही वाढल्या आणि मोबाइलही. सोबत वाढणाऱ्या दोन गोष्टींपैकी कोण कुणाला ओढतंय, हे दोन रेषा शेजारी ठेवून कळत नाही.

म्हणून ही रीत लिहून काढते आहे. मी ठाण्यात अर्थशास्त्र शिकवते. वही, कॅल्क्युलेटर आणि एक्सेल एवढ्यावर हे सगळं होतं. प्रोजेक्टवाल्यांना, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आणि बजेटच्या दिवशी टीव्हीवर येणारा आकडा ताडून बघावासा वाटणाऱ्या कुणालाही उपयोग होईल.

पायरी १: आधी प्रश्न सुटा करा

'ऊर्जा आणि विकास यांचा संबंध' हा प्रश्न नाही, तो विषय झाला. त्याच्या पोटात दोन वेगळे प्रश्न आहेत. देशाचं उत्पन्न एक टक्का वाढलं की ऊर्जेचा वापर किती टक्के वाढतो, हा पहिला. ती ऊर्जा मिळवताना कार्बन (इथे सगळीकडे कार्बन म्हणजे कार्बन डायऑक्साइड) किती बाहेर पडतो, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

याचं उदाहरण आपल्याच रुळांवर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली देशातली पहिली प्रवासी गाडी वाफेवर चालली होती. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेचा दहावा हिस्साही चाकापर्यंत पोचत नसे. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि पुढे विजेच्या तारा आपल्याकडे आल्या. तेवढ्याच प्रवाशांना तेवढंच अंतर न्यायला ऊर्जा कमी लागू लागली. हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण रेल्वेला वीज पुरवणाऱ्या ठाकुर्लीच्या चोळा वीजघरात कोळसाच जळत होता. म्हणजे काटकसर झाली, तरी कार्बन होताच. वहीत दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या पानांवर लिहा.

पायरी २: घरच्या बिलावर हात बसवा

देशाच्या आकड्यांना हात घालण्याआधी महावितरणचं बिल काढा. त्यातला रुपयाचा आकडा सोडा, युनिट बघा. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. आपल्या देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा गुणांक दरवर्षी जाहीर करतं, प्रोजेक्टमध्ये ताजा घ्यावा. तारांमधून वाटेत गळणारी वीज धरली तर आकडा थोडा आणखी वर जातो.

समजा चार माणसांचं घर आहे, महिन्याला २४० युनिट वीज. झाले १६८ किलो. पाइप गॅस महिन्याला १२ घनमीटर, दर घनमीटरला साधारण २ किलो, म्हणजे २४ किलो. स्कूटरला १५ लिटर पेट्रोल, लिटरला २.३ किलो, म्हणजे साडेचौतीस. घरात सिलिंडर असेल तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे ४२ किलोच्या आसपास धरा. आपल्या उदाहरणात बेरीज आली २२६.५ किलो. चौघांत वाटली आणि बाराने गुणली की माणशी वर्षाला सुमारे ६८० किलो.

आता इथे जरा थांबा. भारताचं जीवाश्म इंधनांमुळे होणारं दरडोई उत्सर्जन वर्षाला साधारण २ टन आहे. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर, अमेरिकेची १४ टनांच्या आसपास. एसी-फ्रिज असलेल्या शहरी घराची बेरीज ६८० किलोच भरली, मग उरलेलं कुठे आहे? ते तुमच्या इमारतीच्या सिमेंटमध्ये आणि सळईत आहे, पाणी चढवणाऱ्या पंपात आहे, न्हावाशेवाच्या बंदरातून निघणाऱ्या ट्रेलरच्या डिझेलमध्ये आहे, शेतातल्या युरियात आहे. दिवे बंद करा असं आपण मुलांना सांगतो आणि ते सांगायलाच हवं, पण देशाच्या कार्बनचा मोठा वाटा घराच्या उंबऱ्याबाहेर, उत्पादनात आणि वाहतुकीत आहे. म्हणून तर त्याचं नातं थेट जीडीपीशी लागतं.

पायरी ३: एका कारखान्यात जाऊन बघा

'तीव्रता' हा शब्द पुस्तकातून कळत नाही, शॉप फ्लोअरवर कळतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं रबाळे एमआयडीसीत नट-बोल्टचं छोटं युनिट आहे, हीट ट्रीटमेंटची विजेची भट्टी आतच. युरोपातल्या गिऱ्हाइकाने मालामागे किती कार्बन निघतो ते कळवा म्हणून फॉर्म पाठवला आणि बापलेक दोघे गोंधळले. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा आयात मालाच्या कार्बनची नोंद मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६पासून त्यावर पैसेही लागू झाले. बोल्ट त्या यादीत आहेत.

आम्ही भट्टीशेजारच्या टेबलावर बसलो. एका बाजूला बारा महिन्यांची बिलं, दुसऱ्या बाजूला वजनकाट्याची वही, पानांच्या कडा तेलाने काळ्या झालेल्या. हिशेब कसा मांडायचा ते समजावं म्हणून इथे गोळाबेरीज आकडे देते. एका महिन्यात १८,००० युनिट आणि ६० टन माल, म्हणजे टनाला ३०० युनिट. हीच तीव्रता: मालाच्या दर एककामागे लागणारी ऊर्जा. पुढे ऑर्डर वाढल्यावर २२,००० युनिट आणि ८० टन, म्हणजे टनाला २७५ युनिट. भट्टी तीच, माणसं तीच.

टनामागची वीज घटली कशी? उत्तर भट्टीवरच्या ऑपरेटरने दिलं: "मॅडम, भट्टी तापवायला जी वीज जाते ती जातेच. ट्रे भरलेला असो का अर्धा." उत्पादन वाढलं की ती ठरीव वीज जास्त टनांवर वाटली जाते. काहीही नवीन न बसवता तीव्रता सव्वाआठ टक्क्यांनी उतरली.

आता एकूण बघा. पहिल्या महिन्याचा कार्बन १२.६ टन, दुसऱ्याचा १५.४. टनामागे कमी, एकूण जास्त. त्या टेबलावर जे घडलं, तेच देशाच्या पातळीवर घडतं. माल ३३ टक्क्यांनी वाढला, वीज २२ टक्क्यांनी. २२ला ३३ने भागलं की ०.६७ येतात. याला लवचिकता म्हणतात: उत्पन्नातल्या एक टक्का वाढीमागे ऊर्जेत किती टक्के वाढ. आकडा १च्या खाली असेल तर उत्पादन ऊर्जेपेक्षा वेगाने वाढतंय, याला सापेक्ष फारकत म्हणू. उत्पादन वाढतंय आणि ऊर्जा किंवा कार्बन चक्क घटतोय, म्हणजे आकडा शून्याच्या खाली गेलाय, तर ती खरी, संपूर्ण फारकत. प्रोजेक्टमध्ये हे दोन शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरू नका. वर्तमानपत्रांतला अर्धा गोंधळ इथूनच निघतो.

पायरी ४: देशाचे आकडे गोळा करताना

जीडीपी आणि ऊर्जा दोन्हींसाठी केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय, विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण, पेट्रोल-डिझेलसाठी पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष, इतर देशांशी तुलना करायची तर जागतिक बँक. सगळं फुकट मिळतं. चुका होतात त्या मिळवताना नव्हे, जोडताना.

जीडीपी नेहमी स्थिर किमतींचा, म्हणजे एका ठरलेल्या आधारवर्षाच्या भावांनी मोजलेला, घ्या. चालू किमतींचा घेतला तर महागाईलाही तुम्ही विकास समजाल आणि तीव्रता खोटी घसरलेली दिसेल. आधारवर्ष बदललं असेल तर जुनी मालिका नव्याला जोडून घ्यावी लागते.

आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आंतरराष्ट्रीय उत्सर्जनाचे आकडे जानेवारी ते डिसेंबर. मी स्वतः पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा दोन्ही सरमिसळ झाले होते आणि २०२०च्या ओळीत भलतंच उत्तर येत होतं. लॉकडाऊन मार्चच्या शेवटी लागला, म्हणजे आर्थिक वर्षात तो जवळजवळ पहिल्या दिवसापासून आहे आणि कॅलेंडर वर्षात पहिली तिमाही त्याच्याबाहेर. एकतर सगळं आर्थिक वर्षात आणा, नाहीतर पाच-पाच वर्षांच्या सरासऱ्या घ्या. सरासरीचा आणखी एक फायदा: पाऊस चांगला झाला की धरणांची वीज वाढते आणि शेतीपंप कमी चालतात, उन्हाळा कडक गेला की एसी वाढतात. एकाच वर्षाच्या चढउतारातून धोरणाचं यश किंवा अपयश काढू नये.

डॉलरमध्ये तुलना करताना विनिमय दर घेतलाय की क्रयशक्ती (त्या पैशात त्या देशात प्रत्यक्ष किती माल येतो), ते वर लिहाच. क्रयशक्तीने मोजलं तर भारताचा जीडीपी जवळपास चौपट होतो, म्हणजे तीव्रता एकदम चौथ्या हिश्शावर येते. देश तोच, धूर तोच.

ऊर्जेची बेरीज करताना कोळसा आणि वीज एकात एक मिसळू नका. औष्णिक केंद्रात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच वीज होऊन बाहेर येते. कोळसाही मोजला आणि त्याच कोळशाची वीजही मोजली, तर एकच गोष्ट दोनदा धरली. परिमाण एकच ठेवा: एक टन तेल-समतुल्य, म्हणजे एक टन तेलातून मिळणारी ऊर्जा, म्हणजे ११,६३० युनिट.

आणि क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. जून २०२५अखेर देशाच्या एकूण वीज क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. २०३०चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं, ही अभिमानाचीच गोष्ट. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या पुढेमागे आहे, कारण सौर पॅनल रात्री थांबतं आणि औष्णिक केंद्र थांबत नाही. कार्बन मोजताना निर्मितीचा आकडा घ्यायचा.

पायरी ५: चार रकाने मांडा

जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी एक साधी मांडणी दिली, जगभर तीच वापरतात. एकूण कार्बन म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या दर रुपयामागची ऊर्जा, ऊर्जेच्या दर एककामागचा कार्बन. एक्सेलमध्ये चार रकाने करा आणि प्रत्येकात वाढीचा वार्षिक दर लिहा. दर लहान असतील तर गुणाकाराऐवजी नुसती बेरीज केली तरी उत्तर जवळपास बरोबर येतं.

समजा लोकसंख्या १ टक्का, दरडोई उत्पन्न साडेपाच टक्के, ऊर्जा तीव्रता उणे अडीच, आणि ऊर्जेतला कार्बन आहे तिथेच. बेरीज ४. नीट गुणाकार केला तर ३.९. म्हणजे एवढी काटकसर करूनही एकूण कार्बन वर्षाला जवळपास चार टक्क्यांनी वाढतोय.

चौथा रकाना भारतासाठी नीट वाचायला हवा. कितीतरी वर्षं तो उतरण्याऐवजी चढत होता आणि बाहेरचे लोक त्यावर बोट ठेवतात. कारण असं, की पूर्वी आपल्या ऊर्जेत लाकूडफाटा आणि शेणी यांचा मोठा वाटा होता आणि त्यांचा कार्बन जीवाश्म इंधनांच्या खात्यात धरत नाहीत. मुरबाड-शहापूरच्या पाड्यातली बाई चूल सोडून गॅसवर आली, घरात वीज आली, की चौथा रकाना वाढतो. त्याच वेळी तिसरा उतरतो, कारण चुलीतली बहुतेक उष्णता भांड्याला लागतच नाही. तिच्या डोळ्यांतला आणि फुफ्फुसातला धूर गेला. ही वाढ आणि एखाद्या मॉलच्या काचेच्या भिंतींमागे चालणाऱ्या एसीची वाढ तक्त्यात सारखीच दिसते. ती सारखी नाही, आणि हे तक्त्याखाली चार ओळींत लिहिणं ही आपली जबाबदारी आहे असं मला मनापासून वाटतं.

पायरी ६: सरकारी उद्दिष्ट दरात बदलून वाचा

२०२२च्या ऑगस्टमध्ये भारताने जाहीर केलं की २००५च्या तुलनेत २०३०पर्यंत जीडीपीची उत्सर्जन तीव्रता, म्हणजे जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन, ४५ टक्क्यांनी कमी करू. २०१५ सालचं वचन ३३ ते ३५ टक्क्यांचं होतं. २००५ ते २०२० या काळात ३६ टक्के घट झाल्याचं भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलं आहे. नुसते आकडे वाचून काही कळत नाही, वार्षिक दर काढा.

२००५ला १०० धरा, २०२०ला ६४ उरले. पंधरा वर्षांत १००चे ६४, म्हणजे दरसाल सुमारे २.९ टक्के घट. एक्सेलमध्ये ०.६४चा पंधरावा घातमूळ काढा, ०.९७ येईल. आता २०३०ला ५५वर यायचंय. दहा वर्षांत ६४चे ५५, म्हणजे दरसाल दीड टक्का. आधी ज्या वेगाने आपण चाललो, त्याच्या जवळजवळ निम्म्या वेगाने चाललो तरी उद्दिष्ट पुरं होतं.

यातून एकूण उत्सर्जनाचं काय होतं? अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांनी वाढतेय आणि तीव्रता दीड टक्क्याने उतरतेय, तर कार्बन दरवर्षी ४.९ टक्क्यांनी वाढेल. तीव्रता तीन टक्क्यांनी उतरली तर वाढ ३.३ टक्के, आणि त्या वेगानेही एकवीस-बावीस वर्षांत दुप्पट. उत्सर्जन आहे तिथेच थोपवायचं असेल, तर साडेसहा टक्के वाढीला तीव्रता दरसाल ६.१ टक्क्यांनी उतरायला हवी. २०७०ला निव्वळ शून्य (जेवढं उत्सर्जन, तेवढंच हवेतून परत शोषलं जाणं) गाठायचं, असं भारताने नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोला सांगितलं. मधल्या वर्षांत कुठेतरी हा ३ आणि ६ मधला फरक भरून काढावा लागणार. मुलांनी हा एकच हिशेब हाताने केला, तर मी त्यांना पूर्ण गुण देते.

पायरी ७: कोण कुणाला ओढतंय

आता सुरुवातीच्या आलेखाकडे. १९७८ साली क्राफ्ट आणि क्राफ्ट या अभ्यासकांनी अमेरिकेच्या आकड्यांवर काम केलं आणि निष्कर्ष काढला की उत्पन्नामुळे ऊर्जा वापर वाढतो, उलट नाही. त्यानंतर देशोदेशी असे अभ्यास झाले. कुठे उलट उत्तर आलं, कुठे दोन्हीकडून नातं दिसलं, कुठे काहीच नाही. म्हणून कुठल्याही एका अभ्यासाचा हवाला देऊन 'सिद्ध झालं आहे' असं लिहू नका.

बीएच्या पातळीवर एवढं करा: मूळ आकड्यांचा सहसंबंध काढू नका, वार्षिक वाढीच्या दरांचा काढा. मूळ आकड्यांत ०.९८ येणारा सहसंबंध दरांत बराच खाली येतो, आणि तोच खरा बोलतो. एमएला असाल तर आधी मालिका स्थिर आहे का (तिची सरासरी काळासोबत सरकत तर नाही ना) ते तपासा, मग सह-एकात्मतेची चाचणी (दोन्ही मालिका दीर्घकाळ एकमेकींना धरून चालतात का), मग ग्रेंजर चाचणी (एकीच्या मागच्या आकड्यांवरून दुसरीचा अंदाज सुधारतो का). १९९१ आणि २०२० ही वर्षं मोडणीची, म्हणजे जुना कल तुटल्याची, म्हणून वेगळी धरा.

चाचणीइतकंच डोळ्यांनी पाहिलेलंही उपयोगी पडतं. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी कळव्याच्या ४०० केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, ऑनलाइन परीक्षा खोळंबल्या. वीज गेली आणि उत्पादन थांबलं: बाण विजेकडून अर्थव्यवस्थेकडे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मात्र वीज पुरेशी होती आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने बंद होते, म्हणून विजेची मागणी कोसळली: बाण उलटा. २०२०-२१मध्ये देशाचा जीडीपी जवळपास ६ टक्क्यांनी आकसला आणि उत्सर्जनही घटलं. ती घट तक्त्यात संपूर्ण फारकत नव्हती. लोकांचे रोजगार गेले होते.

पायरी ८: धूर गेला कुठे ते विचारा

१९९१ साली ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की उत्पन्न वाढताना हवेतला सल्फर डायऑक्साइड आधी वाढतो आणि एका टप्प्यानंतर घटतो. या उलट्या 'यू' आकाराच्या वक्राला अर्थतज्ज्ञ कुझनेट्सचं नाव मिळालं. पण सल्फरने डोळे चुरचुरतात, लोक आवाज उठवतात, कायदे होतात. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि त्याचा त्रास साऱ्या जगात वाटला जातो. त्यामुळे श्रीमंती आली की कार्बन आपोआप उतरेल, असं धरून चालू नका. ब्रिटनचं उत्सर्जन १९९०च्या सुमारे निम्म्यावर आलं आणि अर्थव्यवस्था वाढत राहिली, हे खरं. पण त्यासाठी त्यांनी कोळसा ठरवून सोडला, शेवटचं कोळशाचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ला बंद केलं. शिवाय त्यांच्या घरातला बराच माल आता बाहेर बनतो. वापराच्या बाजूने मोजलं की त्यांची घट लहान होते.

हे समजायला लंडनला जायला नको. वागळे इस्टेटमधल्या आणि घोडबंदर पट्ट्यातल्या किती कारखान्यांच्या जागी आज टॉवर आणि आयटी पार्क आहेत, ते तुमच्या आजोबांना विचारा. चिमण्या गेल्या, ठाण्याची हवा त्या अर्थाने निवळली. त्या टॉवरची सळई आणि टाइल्स मात्र दुसऱ्या कुठल्या तरी गावात धूर काढून आल्या. ऐरोली-महापेला रसायनांच्या कारखान्यांशेजारी आता डेटा सेंटर उभी आहेत, त्यांना चिमणी नाही, पण ती रात्रंदिवस वीज घेतात आणि तिचा धूर दूरच्या औष्णिक केंद्रातून निघतो. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर एक रकाना वाढवा: 'हे उत्सर्जन कुणाच्या वापरासाठी झालं?' तो पूर्ण भरता येणार नाही. जेवढा भरेल तेवढा भरा.

रबाळ्याच्या त्या मुलाने भट्टीला वेगळा सबमीटर बसवून घेतला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला, पाळी सुरू होण्याआधी, तो रीडिंग त्या तेलकट वहीत टनांच्या शेजारी लिहितो.